मॉडमध्ये पहिलं मॉडेल: दोन लोकल, एक फलाट
मॉड (Maude) ही समीकरणं आणि नियम लिहून एखादी व्यवस्था कशी वागू शकते ते तपासायची संगणकभाषा. कुर्ल्याला घरी बसून मी तिच्यात पहिलं मॉडेल लिहिलं ते दोन लोकल आणि एका फलाटाचंच. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. आधी सॉर्ट, म्हणजे वस्तूंचे प्रकार, ठरवा: गाडी, फलाट, स्थिती. ज्याचं उत्तर एकच, ते समीकरणात. जे घडू शकतं, ते रूलमध्ये (स्थिती बदलणाऱ्या नियमात). 'गाडी फलाटात शिरते' हा रूलच.

आणि 'अ ब म्हणजे ब अ' हे समीकरण म्हणून कधीच लिहू नका! माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मॉड उलटसुलट करत राहतं, थांबतच नाही. त्याऐवजी अ आणि ब यांना जोडणाऱ्या क्रियेलाच 'कॉम' (comm, म्हणजे क्रम बदलला तरी अर्थ तोच) हा गुणधर्म द्या.

मग सर्च, म्हणजे शक्य स्थिती शोधणारी आज्ञा, चालवा: दोन्ही गाड्या एकाच फलाटात, अशी स्थिती येते का? आली, तर 'शो पाथ' ही आज्ञा द्या; कुठल्या रूलने घोळ केला ते पायरीपायरीने दिसतं.