लांब स्क्रीनशॉट घेताना या चुका टाळा

पडद्यावर एका वेळी न मावणारा मजकूर, मग ती दीर्घ चॅट असो, व्यवहारांची यादी असो वा संपूर्ण वेबपान, एकाच चित्रात साठवण्याची सोय आता बहुतेक फोनांत असते. तरीही मधल्याच ओळी गायब होणे, तेच बटण चार ठिकाणी उमटणे, पान अर्ध्यावर तुटणे असे प्रकार वारंवार घडतात आणि दोष फोनला दिला जातो. लांब स्क्रीनशॉट हा एका क्षणी टिपलेला फोटो नसतो, ही साधी गोष्ट लक्षात घेतली तर यांतील बहुतेक अडचणी उलगडतात. अनेक फोन पान थोडे थोडे सरकवतात, प्रत्येक टप्प्याची प्रतिमा घेतात आणि लागोपाठच्या दोन प्रतिमांतला सारखा भाग ओळखून त्या एकमेकींना जोडतात. हे जोडकाम चालू असताना पानावरचे काही हलले, बदलले किंवा उशिरा उमटले, तर सांधा चुकतो.

बटणच दिसत नाही तेव्हा

अँड्रॉइडमध्ये ही सोय मूळ प्रणालीत २०२१ साली, म्हणजे अँड्रॉइड १२ पासून आली. काही कंपन्यांच्या फोनांत ती त्याआधीही होती. नेहमीसारखा स्क्रीनशॉट घेतल्यावर खाली 'कॅप्चर मोअर', 'स्क्रोल' किंवा खाली वळलेल्या दुहेरी बाणांचे चिन्ह दिसते आणि ते काही सेकंदांत नाहीसे होते. इथेच पहिली चूक होते: लोक स्क्रीनशॉट घेऊन गॅलरीत जातात आणि तिथे हा पर्याय शोधत बसतात. सॅमसंगच्या फोनात ही पट्टी मुळीच उमटत नसेल, तर सेटिंग्जमधील 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये स्क्रीनशॉटचा विभाग उघडून टूलबार दाखवण्याचा पर्याय चालू आहे की नाही, हे पाहावे.

एखाद्या विशिष्ट ॲपमध्येच बटण येत नसेल, तर सेटिंग्ज धुंडाळण्यात वेळ घालवू नये. नकाशे, गेम किंवा स्वतःच्या पद्धतीने पडदा रंगवणारी ॲप्स आपला मजकूर 'सरकणारी यादी' म्हणून प्रणालीपुढे मांडत नाहीत, त्यामुळे पुढे टिपण्यासारखे काही आहे हेच फोनला कळत नाही. बँकांची अनेक ॲप्स आणि क्रोमचा इन्कॉग्निटो (खाजगी ब्राउझिंगचा) टॅब सुरक्षेसाठी साधा स्क्रीनशॉटसुद्धा अडवतात. तिथे पळवाट शोधण्यापेक्षा ॲपमधूनच विवरणपत्राची पीडीएफ उतरवून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

आयफोनची पद्धत निराळी आहे. तिथे २०१९ च्या आयओएस १३ पासून सफारीत स्क्रीनशॉटच्या छोट्या चित्रावर लगेच टॅप करून 'फुल पेज' निवडता येते आणि पान पीडीएफ म्हणून साठवता येते. ते छोटे चित्र निघून गेल्यावर हा पर्याय परत मिळत नाही, स्क्रीनशॉट नव्यानेच घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपच्या चॅटसाठी 'फुल पेज' पर्याय येतच नाही, म्हणून तिथे सुटे स्क्रीनशॉट घेऊन जोडावे लागतात किंवा चॅट एक्स्पोर्ट करावी लागते.

पान तयार न करता घाई करणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. आजची बहुतेक वेबपाने चित्रे आणि खालचा मजकूर तुम्ही तिथवर पोहोचल्यावरच उतरवतात. फोन मात्र झपाट्याने खाली सरकतो, त्यामुळे चित्रांच्या जागी करड्या रिकाम्या चौकटी टिपल्या जातात. यावर उपाय सोपा आहे: आधी स्वतः सावकाश शेवटपर्यंत जावे, सारे उमटले आहे याची खात्री करावी, मग वर येऊन स्क्रीनशॉट घ्यावा. आपोआप चालणारा व्हिडिओ थांबवावा, कुकीजची सूचना आणि तरंगती जाहिरात बंद करावी, कारण पडद्याला चिकटून राहणारी प्रत्येक वस्तू दर टप्प्यावर पुन्हा छापली जाऊ शकते. ब्राउझरमध्ये जाहिराती वगळून फक्त लेख दाखवणारे 'रीडर' दृश्य असेल, तर लेख साठवण्यासाठी ते उघडून घेणे उत्तम.

चॅटमध्ये दिशा महत्त्वाची असते. अनेक फोन वरून खालीच सरकतात, त्यामुळे सर्वांत नव्या संदेशावर उभे राहून बटण दाबले की पुढे टिपायला काहीच उरत नाही. हव्या असलेल्या पहिल्या संदेशापर्यंत मागे जाऊन तिथून सुरुवात करावी, आणि काम चालू असताना पडद्याला बोट लावू नये, कारण बऱ्याच फोनांत तेवढ्या स्पर्शाने टिपणे थांबते. न संपणाऱ्या फीडमध्ये मात्र कुठे थांबायचे हे आपणच ठरवावे लागते.

चित्र साठवल्यावर सांधे न तपासणे ही चूक तितकीच घातक आहे. यादीतल्या ओळी एकसारख्या दिसत असतील, तर सारखा भाग ओळखताना फोनची फसगत होऊ शकते आणि एखादी ओळ वगळली जाऊ शकते. अनुक्रमांक १४ नंतर थेट १६ आला, तर सांध्याची रेघ कुठेही दिसत नाही, आणि पुरावा म्हणून पाठवलेल्या यादीतला नेमका एक व्यवहार नाहीसा झालेला असतो. म्हणून तारखा, अनुक्रमांक आणि बेरीज मूळ पडद्याशी ताडून पाहावी.

पाठवताना होणारे नुकसान

समजा, चित्र १,०८० पिक्सेल रुंद आणि १५,००० पिक्सेल उंच आहे. मेसेजिंग ॲपने 'फोटो' म्हणून पाठवताना लांब बाजू ४,००० पिक्सेलांवर आणली, तर रुंदी अवघी २८८ पिक्सेल उरते आणि समोरच्याला अक्षरांऐवजी धुरकट रेघा दिसतात. असे चित्र नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, किंवा त्याचे तीन-चार तुकडे करावेत. जेपीईजी या चित्रांच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराला उंचीची मर्यादाही आहे, ६५,५३५ पिक्सेल, त्यामुळे फारच मोठ्या पानासाठी ब्राउझरच्या 'प्रिंट' पर्यायातून पीडीएफ करणे योग्य ठरते. तीत मजकूर शोधता येतो आणि अक्षरे मोठी करूनही फुटत नाहीत.

शेवटी गोपनीयता. लांब चित्रात नजरेआड राहिलेले फोन नंबर, पत्ते, इतरांचे संदेश सहज निसटतात. ते झाकताना अर्धपारदर्शक हायलायटर वापरू नये, कारण चित्राची उजळता वाढवली की खालची अक्षरे वाचता येतात. पूर्ण अपारदर्शक चौकोनच वापरावा. निव्वळ कापण्यावरही डोळे मिटून विसंबू नये. गूगलच्या 'पिक्सेल' नावाच्या फोनांतील मार्कअप या चित्र-संपादनाच्या साधनात असा दोष होता की कापलेल्या चित्राच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही भाग शिल्लक राहत असे. तो मार्च २०२३ मध्ये उघड झाला आणि अपडेटने दुरुस्तही झाला, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली त्या दुरुस्तीने बदलल्या नाहीत. अशा जुन्या चित्रांत संवेदनशील मजकूर असेल आणि ती अजून कुठे सार्वजनिक असतील, तर ती काढून टाकावीत.