जुन्या नागपूरचा नकाशा आजच्या नकाशावर बसवताना

जुन्या गॅझेटियरमधला स्कॅन केलेला नकाशा हाती लागला, तर क्यूजीआयएस हे मुक्त, मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या 'जिओरेफरन्सर'मध्ये जुन्या नकाशावरचा बिंदू आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या लावायच्या. साध्या पद्धतीला तीन जोड्या पुरतात, पण मग चूक कळतच नाही; आठ-दहा लावा, त्याही चारही कोपऱ्यांत पसरून.

खरी मेख बिंदू निवडण्यात आहे. तलावाचा काठ नको. पाणी आणि भराव, दोन्हींनी तो सरकतो. रस्त्याची वळणंही रुंदीकरणात गेलेली. सीताबर्डीची टेकडी, जुनी देवळं भरवशाची. झिरो माईलचा दगड १९०७ चा, त्याआधीच्या नकाशात तो शोधत बसू नका.

नकाशावर छापलेले अक्षांश-रेखांश तसेच भरायचा मोह होतो. टाळा. ते सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या त्याने मानलेल्या आकारावर, मोजलेले असतात, आजचे जीपीएसवाले डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आकारावर. तसेच भरले, तर सगळा नकाशा एका बाजूला सरकतो. गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत म्हणजे यूटीएम; तिच्यातला नागपूरसाठीचा पट्टा, झोन ४४ उत्तर, निवडा. एखाद्या बिंदूची त्रुटी (तुम्ही दिलेली जागा आणि हिशेबाने आलेली जागा यांतलं अंतर) बाकीच्यांच्या कितीतरी पट दिसली, तर आधी तोच तपासा.