'सी' सर्टिफिकेटनंतर: पूर्णवेळ फौज की टेरिटोरियल आर्मी?

एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा आटोपली की माझ्या जुन्या कॉलेजातल्या कॅडेटांचे फोन सुरू होतात. "सर, पूर्णवेळ फौजेत जाऊ, की नोकरी धरून टीए करू?" टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, आपलं काम सांभाळून वर्षातला काही काळ वर्दीत राहण्याची अर्धवेळ फौज. एकविसाव्या वर्षी मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होतो आणि उत्तर काढताना घोळ केला. त्यात दोन वर्षं गेली, आणि ती परत मिळाली नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरटी कुणी ना कुणी फौजेत. टेरिटोरियल आर्मीचं नाव काढलं तेव्हा आबा म्हणाले, "दोन महिन्यांची कसली रे मिल्ट्री? जायचं तर पुरतं जा, नाहीतर नोकरी कर." मला मात्र दोन्ही हवं होतं. पुण्यात एका कंपनीत नोकरी लागत होती. म्हटलं, आधी दोन वर्षं कमवू, मग बघू. माझ्याबरोबर तीन वर्षं परेड केलेला मित्र मात्र शेवटच्या वर्षाला असतानाच एनसीसी स्पेशल एंट्रीचा, म्हणजे कॅडेटांसाठी असलेल्या अधिकारी भरतीचा, अर्ज भरून मोकळा झाला.

तेव्हा मला कळलं नव्हतं ते हे, की हे दोन रस्ते एकाच वयात समोर येत नाहीत. स्पेशल एंट्रीला वय लागतं 19 ते 25. पदवीला किमान 50 टक्के, 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड, आणि अविवाहित असणं. सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी होण्यासाठी यूपीएससी घेते ती, लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, अर्जांतून निवड होऊन थेट एसएसबीचं, म्हणजे पाच दिवसांच्या निवड चाचणीचं, बोलावणं येतं. वर्षाला दोन तुकड्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. शेवटच्या वर्षापासून नेटाने अर्ज भरत गेलं तर पाच-सहा संधी सहज हाती येतात. मुलींसाठी जागा फार थोड्या, एका तुकडीला पाच-सहाच. त्यांनी सीडीएसचा फॉर्मही सोबत भरावाच.

टीएचं उलटं आहे. वय 18 ते 42 पर्यंत चालतं, पण पदवीबरोबर स्वतःची कमाई दाखवावी लागते. नुकत्याच पास झालेल्या, हाताला काम नसलेल्या मुलाला टीएत अधिकारी होताच येत नाही. म्हणजे एकविशीत 'हे की ते' असा प्रश्न नसतोच. एक दार पंचविशीत बंद होतं, दुसरं बेचाळिशीपर्यंत उघडं राहतं. लवकर बंद होणारं दार आधी ठोठवायचं, एवढा साधा हिशेब मी केला नाही.

चोविसाव्या वर्षी भोपाळच्या एसएसबीला गेलो. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बरीच मुलं परत गेली, मी टिकलो. चित्रांवरून गोष्टी, पंधरा-पंधरा सेकंदांना एक अशा साठ शब्दांवर वाक्यं, मग जीटीओच्या, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम. मुलाखतही बरी झाली असं वाटलं होतं. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स: समोर सगळे अधिकारी ओळीने बसलेले, आपल्यासाठी एक खुर्ची, दोन-तीन प्रश्न, संपलं. थोड्या वेळाने चेस्ट नंबर पुकारले. दोनच. माझा त्यात नव्हता. छातीवरचं नंबराचं कापड सोडून परत दिलं, गाडीने आम्हाला स्टेशनवर आणून सोडलं. त्या कापडाच्या नाड्यांना गेल्या पाच दिवसांत मारलेल्या गाठींनी चुण्या पडल्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. फलाटावर बसून मोजलं: पंचवीस व्हायच्या आत एकच संधी उरत होती. त्या खेपेला स्क्रीनिंगलाच परतलो.

मित्र तिसऱ्या खेपेला रेकमेंड झाला, म्हणजे एसएसबीत निवडला गेला. त्याच्यात माझ्यापेक्षा काही फार जास्त होतं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे तिसरी खेप होती.

पूर्णवेळ म्हणजे काय, ते त्याच्याकडे बघून समजलं. चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, 49 आठवडे. मग शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारीकी, दहा वर्षांची. त्यानंतर पर्मनंट कमिशन, म्हणजे कायमची अधिकारीकी, मागता येतं, चार वर्षं वाढवून घेता येतात, किंवा बाहेर पडता येतं. चौदा वर्षांनी बाहेर पडलात तरी पेन्शन नाही, कारण अधिकाऱ्याला त्यासाठी वीस वर्षं लागतात. हे घरच्यांना आधीच सांगा. आमच्याकडे 'फौज म्हणजे पेन्शन' हे समीकरण इतकं पक्कं आहे की नंतर समजावताना त्रास होतो. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात मित्र नव्हता. वऱ्हाडात त्याच्या जागी मी धावपळ केली. पण त्याच्या बोलण्यात एक ठामपणा आलाय, आणि तो मला हवा होता हे मी लपवणार नाही.

तिशीत मी टीएची लेखी परीक्षा दिली. मग प्राथमिक मुलाखत, मग पुन्हा एसएसबी. तीच फळी, तेच ड्रम. टीएची एसएसबी सोपी असते ही समजूत डोक्यातून काढून टाका. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या आयएमएमध्ये (इंडियन मिलिटरी अकादमी) तीन महिने. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 रुपये, नियमित फौजेत आणि टीएत तेच. फरक एवढाच, की टीएत वर्दीत असाल तेवढ्याच दिवसांचं मिळतं.

खरी अडचण कंपनीची. माझ्या तेव्हाच्या साहेबांनी पहिल्या वर्षी पत्र बघून विचारलं, "दरवर्षी दोन महिने? मग तुमचं काम कोण करणार?" प्रश्न रास्त होता. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला नोकरीवर परत घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण कायद्याचा कागद दाखवून रोजचं काम गोडीनं होत नाही. सरकारी नोकरीत हे त्यामानाने सुकर जातं. खासगीत असाल तर अर्ज भरण्याआधीच साहेबांशी मोकळेपणाने बोला. मी निवड झाल्यावर बोललो, आणि वर्षभर अवघडलेपण राहिलं.

आणि 'अर्धवेळ' या शब्दावर फार विसंबू नका. गरज पडली की टीएला बोलावणं येतं. 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले आणि 32 पैकी 14 पायदळ बटालियन तैनात करण्याची मुभा दिली. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी टीव्ही बंद करत नव्हतं. आबांनी पुन्हा कधी 'दोन महिन्यांची मिल्ट्री' म्हटलं नाही.

फोनवर विचारणाऱ्या कॅडेटांना मी एकच विचारतो: दहा दिवसांच्या सीएटीसीत, म्हणजे एनसीसीच्या वार्षिक शिबिरात, आठव्या दिवशी काय वाटत होतं? पहाटेच्या फॉलइनला अंग ओढत जाताना घर आठवत होतं, की शिबिर संपणार म्हणून जीव चुकचुकत होता? चुकचुकत असेल तर शेवटच्या वर्षातच अर्ज भरा. घर आठवत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. आधी आपल्या कामात पाय रोवा, टीएला वेळ आहे. तयारीला पैसे नसतील तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. राज्य सरकारचं आहे, सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे विनामूल्य करून घेतात. आणि दात, कान, डोळे आत्ताच तपासून घ्या. रेकमेंड होऊन मेडिकलला अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

मित्राची दहा वर्षं पुढच्या वर्षी पुरी होतात. मुलगी शाळेत जायला लागलीय, त्याला साताऱ्यात स्थिर व्हायचंय. परवा रात्री त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "टीएत माजी अधिकाऱ्यांना घेतात ना? अर्जाला काय काय लागतं, बघून सांग."