येत्या रविवारी घरी पानांचा चहा चाखायला बसायचं असेल तर आदल्या आठवड्यापासून काय काय करून ठेवायचं

डिसेंबर लागला की एखाद्या रविवारी सकाळी आमच्या घरी आम्ही चार जणं बिनदुधाचा, बिनसाखरेचा, नुसत्या पानांचा चहा चाखायला बसतो, आणि दरवेळी कोणी ना कोणी विचारतेच की आम्हालाही करायचं आहे, काय काय लागते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. चहा विकत आणणं त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरा जीव काढतात ते पाणी आणि वास, आणि त्यांची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी लागते.

पहिले डबे. चहाचं सुकं पान आजूबाजूचा वास आणि ओल दोन्ही ओढून घेते. तीन वर्षांपूर्वी मी दार्जिलिंगचं एक पाकीट मसाल्याच्या कपाटात ठेवलं होतं, वरून क्लिप लावलेली होती तरी पंधरा दिवसांनी कपातून काळ्या मसाल्याचा वास आला, शंभर ग्रॅम चहा गेला, अजून वाईट वाटते. तेव्हापासून चहासाठी स्टीलचे छोटे घट्ट झाकणाचे डबे वेगळेच ठेवले आहेत. नवीन डबा असेल तर धुऊन दिवसभर उन्हात ठेवा, मग झाकण उघडून नाक आत घालून वास घ्या, काहीच आलं नाही पाहिजे. डबा चहाने जवळपास भरेल एवढाच घ्या, मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. जागा म्हणाल तर गॅसपासून लांब, खालच्या कप्प्यात, कारण आपल्याकडे मे महिन्यात वरची कपाटं नुसती तापून राहतात. फ्रिजमध्ये नका ठेवू, तिथे ओलही असते आणि कालच्या भाजीचा वासही.

आता पाणी, आणि इथे थोडा वेळ द्या. नागपुरात नळाला येते ते पेंच आणि कन्हानचं पाणी, पण खूप घरांमध्ये बोअर पण असते आणि टाकीत दोन्ही मिसळते, कोणाच्या लक्षातही राहत नाही. बोअरचं पाणी बहुतेक जड असते, त्यातला चुना चहाच्या तुरटपणाला धरतो, कपावर तवंग येतो, रंग मळकट दिसतो आणि वास मेल्यासारखा होतो. उलट आरओचं पाणी कधी कधी इतकं हलकं असते की चहा पांचट लागतो. म्हणून चार दिवस आधी एक संध्याकाळ काढा, तीन कप घ्या, एकच चहा, एकाला नळाचं उकळलेलं पाणी, एकाला आरओ, एकाला दोन्ही निम्मं-निम्मं, आणि दहा मिनिटं तसेच राहू द्या. कशावर साय आल्यासारखी दिसते ते पाहा, मग चाखा. आमच्या घरी निम्मं-निम्मंच चांगलं निघालं, तुमच्या घरी वेगळं निघू शकते, करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चहा किती प्रकारचा आणायचा? पहिल्यांदा चारच. माझी निवड अशी असते: दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश म्हणजे मार्च-एप्रिलची तोडणी, दार्जिलिंगचाच सेकंड फ्लश म्हणजे मे-जूनची, एक निलगिरीचा आणि शेवटी आसामचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान न चिरडता वळून केलेला. पिण्याचा क्रमही हाच ठेवा, हलक्याकडून दणकट चहाकडे, आसाम आधी प्याला तर फर्स्ट फ्लश गरम पाण्यासारखा लागेल. रोजचा दाणेदार चहा सीटीसी असतो, पान चिरडून, फाडून, वळवून केलेला, दुधात उकळायला तो उत्तमच आहे पण इथे तो नको. पाकिटावर बागेचं नाव, तोडणी आणि वर्ष पाहा. एफटीजीएफओपी असली लांबलचक अक्षरं पानाचा आकार आणि कोवळी टोकं किती ते सांगतात, चवीची हमी नाही देत, तेवढ्यावर पैसे टाकू नका. दार्जिलिंगला 2004 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं, तर टी बोर्डाचा दार्जिलिंगचा लोगो आहे का तेही पाहून घ्या. प्रत्येकी 25 किंवा 50 ग्रॅम पुरते, जास्त आणून शिळा करू नका.

वजनकाटा मात्र घ्याच, तो अर्ध्या मुठीएवढा मिळतो ना, दशांश ग्रॅम दाखवणारा. चमच्याने मोजलं की फसगत होते, फर्स्ट फ्लश फुललेला हलका असतो आणि आसाम वळलेला जड, दोघांचा एक चमचा सारखा नाहीच. माप 100 मिलिला 2 ग्रॅम. चार जणांना प्रत्येक चहा 75 मिलि धरला तर 300 मिलि पाणी, 6 ग्रॅम पान, चारी चहा मिळून 1200 मिलि, भांडी गरम करून घ्यायला वेगळं, म्हणून अडीच लिटर पाणी काढून ठेवा. चाखणाऱ्या व्यावसायिक लोकांसाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पहिल्यांदा 1980 मध्ये आलेलं, त्यातही 100 मिलिला 2 ग्रॅमच, पण ते सहा मिनिटं भिजवतात, कारण त्यांना चहातले दोष पकडायचे असतात. आपल्याला प्यायचा आहे, आपण कमी वेळ ठेवू. फर्स्ट फ्लशला 85 ते 90 अंश, तीन मिनिटं, सेकंड फ्लश आणि निलगिरीला 90 ते 95 आणि तीन-साडेतीन मिनिटं, आसामला उकळतं पाणी, चार मिनिटं. थर्मामीटर नसेल तर गंजात पाणी उकळू द्या आणि दुसऱ्या गार भांड्यात ओता, काही अंश तिथेच उतरतात. वेळ संपली की पान पूर्ण गाळून काढायचं, अर्धवट भिजत ठेवायचं नाही.

कप आतून पांढरेच पाहिजेत, रंग पाहायचा असतो. स्टीलचे पेले ओठाला चटका देतात. सगळ्यांना खिडकीच्या उजेडाकडे बसवा, पिवळ्या बल्बखाली सगळेच चहा सारखे दिसतात.

मला सगळ्यात आवडते ते काम म्हणजे वासाच्या वाट्या. आदल्या रात्री सहा-सात वाट्यांमध्ये थोडं थोडं काढून झाकून ठेवा: काळे मनुके, संत्र्याची ताजी साल (या दिवसात आंबिया बहाराची संत्री असतातच), कोरडी भाजलेली कणीक, गूळ, वाळलेलं गवत, मिळाला तर मोगरा, आणि एका वाटीत आवळ्याची फोड. चाखायच्या आधी सगळ्यांनी एकेक हुंगायची. सेकंड फ्लशच्या ज्या वासाला मस्कटेल म्हणतात तो पिकल्या द्राक्षासारखा असतो, तुडतुडे कोवळं पान चावतात तेव्हा झाड जे वासाचं द्रव्य करते त्यातून तो येतो, आणि मनुक्याची वाटी आधी हुंगलेला माणूस तो लगेच ओळखतो. आसामला भाजल्या कणकेच्या जवळपास जाणारा वास असतो. आवळ्याची फोड कशाला, तर आपले लोक बिनदुधाच्या चहाला सरसकट कडू म्हणतात, खरं तर तो बरेचदा तुरट असतो. कडू म्हणजे मेथी, तुरट म्हणजे आवळा, जांभूळ, जीभ आखडते ती. हा फरक आधी जिभेला सांगून ठेवला की गप्पा एकदम बदलतात. दुधाने हीच तुरटी कमी होते, त्यातलं प्रथिन तिला बांधून टाकते.

पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा: सकाळी तर्री-पोहे नको, खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी नको, अत्तर-सेंट नको. पण उपाशीपोटीही येऊ नका म्हणा, चार चहांनी पित्त होते, तासभर आधी साधी पोळी खाऊन या. पोहे नंतर आपल्याकडेच. आणि घरात त्या सकाळी उदबत्ती, फिनाइल, फोडणी काही नाही. आमच्याकडे देवाची उदबत्ती सासूबाई त्या दिवशी चहा झाल्यावर लावतात, मी आठ दिवस आधीच विचारून ठेवते.

मध्ये मध्ये तोंड साफ करायला साधे मुरमुरे आणि कोमट पाणी. प्रत्येकाला कागद आणि पेन, आधी लिहायचं मग बोलायचं, नाहीतर पहिला जो बोलतो त्याचंच सगळ्यांना पटायला लागते. चहाची नावं चिठ्ठीवर लिहून बशीखाली ठेवा आणि किंमत कोणाला सांगू नका. आणि भुरका मारायला लाजू नका! चाखणारे तज्ज्ञही जोरात भुरका मारतात, हवा आत ओढली की वास घशामागून नाकात चढतो. माझी आजी बशीत ओतून तसंच प्यायची, आम्ही तिला हळू पी म्हणायचो.

शेवटचं, अर्धा लिटर दूध, साखर आणि आलं आणून ठेवा. चौथा चहा झाला की घरातल्या मोठ्यांसाठी आसामचंच पान जरा जास्त घेऊन दुधात उकळते मी, तेव्हा तेही येऊन बसतात, आणि मग पोह्यांसाठी कढई चढवते.