परदेशातल्या जोडीदाराकडे राहायला जायचंय? सोलापुरातून तयारी अशी करा

लग्न ठरलं की आपल्याकडे आधी कार्यालय बघतात, मग बस्ता, मग पत्रिका. जोडीदार परदेशात असेल तर हा क्रम बदला. आधी व्हिसाचा प्रकार ठरवा आणि मग लग्नाची तारीख काढा. तिथे गेल्यावर तुम्हाला नोकरी करता येईल का, किती वर्षं राहता येईल, जोडीदाराची नोकरी गेली तर तुमचं काय होईल, हे सगळं व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असतं. सोलापुरातल्या शिकलेल्या, कमावत्या मुली तिकडे जाऊन काही वर्षं घरात बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. काम करायची परवानगी नाही हे त्यांना विमानात बसेपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहिते आहे.

१. जोडीदार तिथे नक्की कशावर राहतो, ते विचारा

“अमेरिकेत असतो” हे उत्तर पुरेसं नाही. नागरिक आहे, ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) आहे, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे की विद्यार्थी आहे, हे विचारा आणि कागद बघा. यात संकोचाचं काही नाही. व्हिसाच्या फाइलला हेच कागद पुढे जोडावे लागतात.

अमेरिकेत एच-१बीवर असलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. त्यावर लगेच काम करता येत नाही. जोडीदाराच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेतला आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, तर साधारणपणे कामाचा परवाना मागता येतो. त्यामुळे “आय-१४० झाला आहे का?” हा प्रश्न साखरपुड्याआधीच विचारून घ्या. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर दोन वाटा आहेत. लग्न करून आय-१३० (नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज) भरायचा, किंवा लग्नाआधी के-१ व्हिसावर जायचं. के-१वर गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. शिवाय अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असायला लागता. फक्त व्हिडिओ कॉलवर जमलेलं लग्न इथे अडतं.

ब्रिटनमध्ये नागरिकाच्या किंवा तिथे कायम राहणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसा हवा असेल तर उत्पन्नाची अट आहे. एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला २९,००० पौंड झाली. त्यासोबत ए-१ (म्हणजे अगदी सुरुवातीच्या) पातळीची इंग्रजी परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी असते. जर्मनीला जाणाऱ्यांना बहुतेक वेळा ए-१ जर्मन लागतं. जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर त्यातून सूट मिळते. जर्मनीत जोडीदार म्हणून गेलेल्या व्यक्तीला काम करता येतं, ही मोठी जमेची बाजू. ए-१ साठी पुण्याचं मॅक्सम्युलर भवन आपल्याला सगळ्यात जवळचं. क्लास आणि परीक्षा धरून काही महिने जातात, तेव्हा लग्न ठरताच नाव घाला.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही अर्ज करता येतो, पण साधारण १२ महिने सोबत राहिल्याचा पुरावा मागतात. वर्षानुवर्षं दोन देशांत राहिलेल्या जोडप्याकडे तो सहसा नसतो. त्यांना लग्न करणंच सोपं पडतं.

एक गोष्ट मात्र करू नका. राहायला जायचं ठरलेलं असताना पर्यटक व्हिसावर जाऊ नका. “आधी फिरायला म्हणून जाऊ, मग तिथे बघू” असा सल्ला देणारे खूप भेटतील. अधिकाऱ्यापुढे उद्देश लपवला असं नोंदलं गेलं तर पुढचा प्रत्येक अर्ज अवघड होतो.

नियम आणि रकमा बदलत राहतात. फॉर्म भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा वाचा.

२. नाव सगळीकडे एकच आहे का, ते तपासा

सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी, कधी नुसती आद्याक्षरं. कन्नड घरांत आडनावाचं स्पेलिंग भावाभावांत वेगळं. मराठी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधार, पॅन हे पाच कागद एका रांगेत ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जन्मतारीखही बघा.

जुन्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसती “मुलगी” अशी नोंद असते. ते नाव चढवून घ्यायला महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आधीच जा. नोंदच सापडली नाही तर तसा अनुपलब्धता दाखला घ्या.

मुलींनी एक लक्षात ठेवा. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी जोडीदाराचा व्हिसा मिळतो, लग्नाचा दाखला तेवढा हवा. माझं मत विचाराल तर व्हिसा हातात पडेपर्यंत नाव बदलूच नका. अर्धे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्धे सासरच्या नावाचे झाले की प्रत्येक खिडकीवर खुलासा द्यावा लागतो. आपल्याकडे तर मधलं नावही बदलतं, म्हणजे घोळ दुप्पट.

पासपोर्टसाठी आता पुण्याला धावावं लागत नाही. सोलापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पोलिस क्लिअरन्सचा अर्जही पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच होतो.

३. लग्नाची नोंदणी जोडीदार परत जायच्या आत करा

धार्मिक पद्धतीने लग्न झालं असेल तर शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामसेवकाकडे नोंदणी होते. दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, लग्न लावणाऱ्याचीही लागते. भटजी असोत, जंगम स्वामी असोत किंवा काझी असोत, त्यांच्या ओळखपत्राची प्रत लग्नाच्या दिवशीच मागून ठेवा. नंतर ते दुसऱ्या लग्नाला पंढरपूरला गेलेले असतात आणि इकडे जोडीदाराची रजा संपत येते. रजा दोन-तीन आठवड्यांचीच असेल तर सत्यनारायण आणि पाहुणचाराच्या आधी नोंदणीचा दिवस धरा.

आंतरधर्मीय किंवा साधं नोंदणी लग्न करणार असाल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो. दोघांपैकी एकजण लग्नाची नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. नोटीस दिल्यावर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. म्हणजे परदेशातून येणाऱ्याने विमानातून उतरून नोटीस द्यायची आणि त्याच छोट्या रजेत लग्न करायचं, हे जमत नाही. तो यायच्या आधीच विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तारखा बसवा.

दाखला मिळाल्यावर त्यावरचं प्रत्येक अक्षर तिथेच उभं राहून वाचा.

४. अपोस्टिल आणि पदवीचे कागद

बऱ्याच देशांना लग्नाचा दाखला आणि पदवी अपोस्टिल केलेली (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्का मारलेली) लागते. आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फतच हे काम होतं. नेमलेल्या एजन्सींची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते, ती बघूनच मूळ कागद कोणाच्या हाती द्या. दुबई-अबूधाबीला जाणाऱ्यांना अपोस्टिल चालत नाही. तिथे संयुक्त अरब अमिरातीच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं.

पदवीबद्दल सोलापूरकरांसाठी खास सूचना. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तुमची पदवी जुनी असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाच्या अधिकृत गुणतपशिलासाठी) केगावच्या आपल्या विद्यापीठात नाही, कोल्हापूरला जावं लागेल. परदेशात जाऊन नोकरी करायची इच्छा असेल तर ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन बंद लखोटे सोबत न्या. परदेशात बसून ते मागवणं फार जिकिरीचं होतं.

५. नातं खरं आहे, याचा पुरावा जमवा

अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त फाइल असते. ठरवून झालेल्या लग्नात एकत्र काढलेले फोटो कमी असतात, म्हणून सुरुवातीपासून जपत चला. लग्नपत्रिका, साखरपुड्याचे आणि हळदीचे फोटो, दोन्हीकडचे आई-वडील एकत्र असलेले फोटो, कार्यालयाची पावती, भेटायला आल्याची विमानाची तिकिटं, व्हिडिओ कॉलची यादी. निवडक चॅट महिन्यावार छापून ठेवा. हजार पानं कोणी वाचत नाही. मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर जोडा.

मुलाखत मुंबईला, बोटांचे ठसे पुण्याला किंवा मुंबईला, असं देशानुसार ठरतं. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरण्यापेक्षा आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. रात्रभर प्रवास करून थेट खिडकीवर उभं राहू नये.

६. स्वतःच्या हातात काय राहील, ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. परदेशात गेल्यावर सोडून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या आल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा एनआरआय कक्ष ठेवावा लागला. लग्न मोडणार असं गृहीत धरून नव्हे, पण कोणाच्याही भरवशावर पूर्ण अवलंबून राहू नये म्हणून एवढं कराच. जोडीदाराचा पत्ता, कंपनी आणि आधीचं लग्न झालं होतं का, याची खात्री करून घ्या. तिथे पोचल्यावर पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, सासूबाईंच्या कपाटात नको. सगळ्या कागदांचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर आणि माहेरी एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. परतीच्या तिकिटापुरते पैसे स्वतःच्या खात्यात असू द्या. तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये घाला.

आणि जोडीदाराशी पैशांबद्दल मोकळं बोला. घरभाडं किती, कर्ज किती, सोलापूरला दर महिन्याला किती पाठवायचे, दोन्हीकडच्या आई-वडिलांच्या दुखण्याला कोण येणार. रोज फोनवर दोन तास बोलणाऱ्या जोडप्यांचंही यावर बोलणं झालेलं नसतं.

७. निघण्याआधीची कामं

बँकेला कळवा. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करावं लागतं. चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवीन काढता येत नाही. भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात. गाडी चालवता येत असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. अंगावरचे दागिने मोठे असतील तर विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत आणताना ते तुमचेच असल्याचं दाखवता येतं.

शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर तिथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा, लपवल्यास दंड मोठा आहे. ताजा कढीपत्ता आणि बियाणं कुठेच नेऊ नका. सोलापुरी चादर एकच घ्या, वजन फार होतं.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात व्हिसा किंवा कार्ड संपायची तारीख दोघांच्या फोनमध्ये घाला. अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज भरायचा असतो. ब्रिटनचा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. मुदत वाढवताना एकत्र राहत असल्याचा पुरावा पुन्हा मागतात. म्हणून घराच्या करारावर, वीजबिलावर आणि एका तरी बँक खात्यावर पहिल्या महिन्यातच दोघांची नावं लावून घ्या.