मोडीतील जन्म-मृत्यू नोंदी उतरवताना या चुका टाळा

गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, म्हणजे ज्यांना आपण कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतो त्या, बऱ्याच ठिकाणी मोडीत लिहिलेल्या आहेत. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांत या दप्तरांची पाने स्कॅन झाली आणि ती देवनागरीत उतरवून द्यायला मोडी जाणणारी माणसे हवी आहेत, हे सर्वांच्या ध्यानात आले. हौसेने आणि विनामोबदला या कामाला बसणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. माझा अनुभव असा की, न लागलेल्या अक्षरामुळे फारसे बिघडत नाही, कारण तिथे आपण थांबतो. बिघडते ते ‘लागले’ असे वाटून पुढे गेलेल्या अक्षरामुळे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन सुधारणे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो आणि अनुस्वार बहुधा गाळलेला असतो, त्यामुळे ‘शीदे’ दिसले की आपला हात आपोआप ‘शिंदे’ लिहितो. ते बहुधा बरोबरच असते, पण ‘बहुधा’ हा आपला निर्णय आहे, कागदाचा नव्हे. मूळ रूप एका रकान्यात आणि आपला अर्थ शेजारच्या रकान्यात, अशी सोय पहिल्या दिवसापासून करावी. मोडीत शब्द तोडलेले नसतात, तेव्हा शब्द वेगळे करण्याची मोकळीक आपण घेतोच. पण तिच्यापुढे जाऊ नये. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींच्या सूची १९९८ पासून स्वयंसेवकांकडून उतरवून घेणाऱ्या फ्रीबीएमडी या उपक्रमाचाही पाया ‘दिसेल तेच टंकित करा’ हाच आहे. तिथे न लागलेल्या एका अक्षराच्या जागी अधोरेघ आणि सलग अनेक अक्षरांच्या जागी तारांकन देतात. आपणही तीच खूण वापरायला हरकत नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे. ‘राणू बिन सखाराम, मुलगी’ अशी जन्माची नोंद पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि एक तर ‘राणू’ हे मुलीचे नाव म्हणून लिहितो किंवा लिंगाचा रकाना चुकला असे समजून ‘मुलगा’ करतो. वास्तविक नोंद झाली तेव्हा बाळाचे बारसे व्हायचे असे, म्हणून नोंदीत नाव बापाचे आणि लिंग बाळाचे अशी पद्धत पुष्कळ गावांत होती. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हा ‘कोम’ ‘कौम’ समजून जातीच्या रकान्यात गेलेला मी पाहिला आहे, तसेच ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाचा ‘किता’ आडनाव होऊन बसलेलाही पाहिला आहे. ‘किता’ दिसला तर ‘किता’च लिहावे आणि तो कशाबद्दल आहे ते शेऱ्यात नोंदवावे.

आकड्यांकडे मात्र नीट थांबून पाहावे. सुरुवातीच्या एका पानावर मी मृताचे वय ११ असे उतरवले होते. प्रतिमा मोठी केल्यावर दिसले की, पहिल्या एक्यानंतरच्या दोन उभ्या रेघा बारीक आणि एकमेकींना चिकटून आहेत. ते ‘१॥’ होते, म्हणजे दीड वर्ष. जुन्या पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव आणि दोन म्हणजे अर्धा, हे हिशेबाच्या कागदांत आपल्या लक्षात राहते, पण वयाच्या रकान्यात विसरते. शिवाय ‘रा॥’, ‘मौ॥’ यांतील रेघा अपूर्णांकाच्या नसून संक्षेपाच्या असतात.

मृत्यूचे कारण आजच्या भाषेत आणू नये. पटकी, देवी, हगवण हे शब्द तसेच राहू द्यावेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोक मानमोडी म्हणत, तेव्हा मानमोडी लिहिले असेल तर तेच उतरवावे. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत एखाद्या पानावर ओळीने ‘ताप’ लिहिलेला दिसला तरी तो ‘ताप’च आहे. तो प्लेग होता का, हे पुढचा अभ्यासक ठरवील.

नोंद दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेली असेल आणि स्कॅन वेगवेगळे असतील, तर ओळ घसरण्याचा धोका असतो. एक ओळ घसरली की तिथून खाली प्रत्येकाचा बाप बदलतो. दोन्ही पानांवरच्या ओळी आधी मोजाव्यात आणि प्रत्येक नोंदीसमोर प्रतिमेचा क्रमांक टाकावा.

तारखा एक्सेलमध्ये एकाच चौकटीत लिहू नयेत, कारण १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही आणि नंतरच्या तारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल होऊ शकते. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन रकाने करावेत. शक असेल तर शकच लिहावा. सरसकट ७८ मिळवले तर शके १८०० च्या पौषातील जानेवारी १८७९ चा मृत्यू एक वर्ष मागे जातो. टंकन युनिकोडमध्येच हवे, अन्यथा नाव शोधूनही सापडत नाही.

राहिला जातीचा रकाना. या एका शब्दासाठी घरे महिनोन्महिने खेटे घालतात आणि पानासमोर बसलेल्या आपल्याला त्यांची निकड ठाऊक असते. तरीही पहिलेच अक्षर दिसत असेल तर पहिलेच अक्षर लिहावे. शब्द वेगळ्या शाईत असेल, खाडाखोड असेल किंवा वर गिरवलेला असेल, तर ‘वेगळी शाई’, ‘गिरवलेले’ असा शेरा द्यावा, निवाडा देऊ नये. ओळखीच्या घराण्याचे पान आले तर ते दुसऱ्याकडे सोपवावे.

तपासणी त्याच दिवशी करू नये. दोघांनी स्वतंत्रपणे उतरवावे आणि तिसऱ्याने दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. एकट्याने काम करणाऱ्याने दोन दिवसांनी पान तळापासून वर वाचत यावे. क्रम उलटा झाला की पुढचे नाव आधीच मनात तयार नसते आणि डोळ्याला अक्षर पाहावेच लागते.