हॅलिफॅक्स बघायचंय? मग आधी बंदराच्या तोंडाशी जाऊन बसा

कॅनडाला जाणारी आपली बहुतेक मंडळी टोरोंटो, नायगारा, फार तर बान्फ-व्हँकुव्हर करून परत येतात, अटलांटिकच्या काठावरचं हॅलिफॅक्स त्यांच्या यादीतच नसतं, आणि ज्यांच्या यादीत असतं तेही एका दिवसात म्युझियम, लाइटहाउस, लॉबस्टर असं उरकून निघतात. मला मनापासून वाटतं की हे शहर असं घाईत बघू नये. इथली बाग, जंगल, किल्ला आणि जहाजाने इथे उतरलेल्या लोकांची हकीकत, सगळं एकाच बंदराभोवती आहे, त्यामुळे क्रम नीट लावलात तर एक जागा बघितल्यावर पुढची आपोआप समजत जाते. निदान तीन पूर्ण दिवस तरी ठेवा.

आधी कामाच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, बायोमेट्रिक्ससकट, त्यामुळे तिकिटं काढायच्या बरेच महिने आधी हे काम हातात घ्या. टोरोंटोहून विमान साधारण दोन तासांचं आणि हॅलिफॅक्सचं घड्याळ टोरोंटोच्या एक तास पुढे, म्हणजे उतरल्या दिवशीचं काही बुक करताना तो तास धरा. एअरपोर्ट शहरापासून जवळपास ३५ किलोमीटर लांब आहे, पण ३२० नंबरची बस थेट डाउनटाउनला आणते. मॉन्ट्रियलहून ‘ओशन’ नावाची ट्रेनही येते, रात्रभराचा प्रवास आणि आठवड्यातले मोजकेच दिवस, तरी जमत असेल तर एकदा हीच घ्या, का ते पुढे सांगते.

सीझन जून ते ऑक्टोबर. जूनमध्ये धुकं खूप असतं, समोरचं बेट दिसत नाही अशी सकाळ निघू शकते, ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात छान. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघण्यासारखे असतात पण तेव्हा मोठमोठ्या क्रूझ येतात आणि वॉटरफ्रंटवर गर्दी होते. जॅकेट भर उन्हाळ्यातही सोबत ठेवा, समुद्रावरचा वारा संध्याकाळी बोचतो.

पहिल्या सकाळी म्युझियम वगैरे काही नको, सरळ पॉइंट प्लेझंट पार्कला जा. शहराच्या दक्षिण टोकाला ७५ हेक्टरचं जंगल आहे, तीन बाजूंना पाणी, तिकीट नाही. ही जमीन शहराने १८६६ साली ब्रिटिश सरकारकडून वर्षाला एक शिलिंग भाड्याने, ९९९ वर्षांच्या कराराने घेतली. आत १७९० च्या दशकातला एक बुटका गोल दगडी बुरूज आहे, प्रिन्स ऑफ वेल्स टॉवर, आणि जुन्या तोफखान्यांचे अवशेष झाडांत लपलेत. झाडं बघताना एक लक्षात घ्या, सप्टेंबर २००३ मध्ये हुआन चक्रीवादळाने इथलं बहुतेक जंगल एका रात्रीत आडवं केलं, कित्येक महिने पार्क बंद होतं. आज तुम्हाला दिसतं ते बरंचसं नवं, तरुण जंगल आहे, मध्येच एखादं उंच जुनं झाड वाचलेलं दिसतं. मला हे पार्क आवडायचं ते एक मोठं कारण आहे.

पाण्याच्या कडेच्या पायवाटेने टोकापर्यंत चाला आणि तिथे निवांत बसा. डावीकडे कंटेनर टर्मिनल, समोर मॅकनॅब्स बेट, आणि पलीकडे उघडा अटलांटिक. युरोपातून निघालेली जहाजं याच तोंडातून आत यायची. हे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, सेंट लॉरेन्स नदी मात्र बर्फाने बंद व्हायची, म्हणून क्युबेकला जाणारी जहाजं थंडीत इकडे वळायची. म्हणजे कितीतरी लोकांना कॅनडाचं पहिलं दर्शन झालं ते जानेवारीतला खडक, बर्फ आणि करडं पाणी असं. हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की पुढचं म्युझियम वेगळंच वाटतं, म्हणून तर हा क्रम.

तिथून शहराकडे चालत यायला जमतं, आणि वाटेत मार्जिनल रोडवर पिअर २१, म्हणजे जहाजांचा जुना धक्का. १९२८ ते १९७१ या काळात जवळपास दहा लाख लोक या शेडमधून कॅनडात आले, आणि दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख सैनिक इथूनच युरोपला रवाना झाले. आता इथे कॅनडाचं इमिग्रेशनचं राष्ट्रीय म्युझियम आहे. निदान अर्धा दिवस द्या. डच शेतकरी कुटुंबं, सैनिकांशी लग्न करून आलेल्या ब्रिटिश मुली, १९५६ च्या उठावानंतर आलेले हंगेरियन निर्वासित, सगळ्यांच्या वस्तू आणि आवाज आहेत, रेल्वेच्या डब्याची प्रतिकृती आहे, लाकडी बाकांवर बसून बघा. पेपर तपासून झाले की लोक मागच्या दाराने थेट ट्रेनमध्ये बसायचे आणि दिवसचे दिवस पश्चिमेकडे जायचे. आजचं स्टेशन तिथून दोन पावलांवर आहे, ‘ओशन’ तिथेच येऊन थांबते, म्हणून मघाशी ट्रेनचा आग्रह केला.

आता एक गोष्ट आपण लोकांनी तिथे गेल्यावर मुद्दाम शोधावी. फोटोंमध्ये भारतीय चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. ते काय आपल्याला यायचं नव्हतं म्हणून नाही. १९०८ च्या नियमाने मायदेशातून न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश होता आणि भारतातून तसं थेट जहाजच नव्हतं, १९५१ मध्ये कोटा आला तो अख्ख्या भारतासाठी वर्षाला १५० माणसांचा, आणि वंश-देश न बघता गुण देऊन निवडायची पद्धत आली १९६७ ला. तोपर्यंत लोक विमानाने यायला लागले होते आणि चार वर्षांत पिअर बंदच झालं. १९३९ साली सेंट लुइस जहाजावरच्या ९०७ ज्यू निर्वासितांनाही कॅनडाने घेतलं नाही, त्या जहाजाचं स्मारक म्युझियममध्ये आहे, दातेरी चाकांचं, आर्किटेक्ट डॅनियल लिबेस्किंडने केलेलं. तिथे थांबा. कोणाला आत घेतलं याच्याइतकंच कोणाला घेतलं नाही हे बघितलं तरच ही जागा पूर्ण कळते.

दुसऱ्या दिवशी वॉटरफ्रंटच्या लाकडी बोर्डवॉकवरून चाला आणि पलीकडच्या काठावरच्या डार्टमथला जाणारी फेरीबोट घ्या. १७५२ पासून ही सेवा चालू आहे, सिटी बसच्याच भाड्यात होते, पंधरा मिनिटांच्या आत पलीकडे, आणि बंदर बघायला याहून स्वस्त आणि छान बोट नाही. वरच्या डेकवर उभे राहा. रोख देणार असाल तर सुटे नेमके ठेवा, बस आणि फेरी दोन्हीकडे परत पैसे मिळत नाहीत. या फेरीबोटींपैकी एकीचं नाव व्हायोला डेसमंड आहे. हॅलिफॅक्सच्या या कृष्णवर्णीय उद्योजिका १९४६ मध्ये थिएटरच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या भागातून उठायला तयार झाल्या नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. खिशातली दहा डॉलरची उभी नोट काढा, तिच्यावर त्याच आहेत, आणि त्याच बाजूला त्यांच्या चित्रामागे याच शहराच्या उत्तर भागाचा नकाशा छापलाय.

वेळ असेल तर जॉर्जेस आयलंडची बोट बघा, उन्हाळ्यात ठराविक दिवशीच जाते. बंदराच्या मधोमध हिरवं टेकाड दिसतं ते, १७५५ नंतर ब्रिटिशांनी हाकललेल्या अकेडियन फ्रेंच लोकांना तिथे कैदेत ठेवलं होतं.

सिटाडेल किल्ल्यावर बाराच्या आत पोचा, ख्रिसमस सोडून रोज दुपारी बाराला तोफ उडते, लहान मुलांचे कान झाका. तिथून उतरून पब्लिक गार्डन्स, सोळा एकरांची व्हिक्टोरियन बाग, फुकट, हिवाळ्यात बंद असते. तासभर पुरे, पण डेलियाच्या दिवसांत गेलात तर जास्तच लागेल.

तिसरा दिवस उत्तरेकडे. इथे टूरवाले फारसे नेत नाहीत आणि माझ्या मते अर्धं हॅलिफॅक्स इथेच आहे. फोर्ट नीडहॅमच्या टेकडीवर १९१७ च्या स्फोटाचं स्मारक आहे, ६ डिसेंबरला दारूगोळ्याने भरलेलं मॉ-ब्लाँ जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं आणि फुटलं, दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, हा सगळा भाग सपाट झाला. खाली हायड्रोस्टोन वस्तीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या घरांच्या गल्ल्या त्यानंतर बांधलेल्या, तिथे कॉफी छान मिळते. मग बेडफर्ड बेसिनच्या काठावर आफ्रिकव्हिल. कृष्णवर्णीय लोकांचं जुनं गाव, टॅक्स भरूनही पाणी-ड्रेनेज कधी दिलं नाही, शेजारी कचरा डेपो आणून टाकला, आणि १९६० च्या दशकात गावच पाडलं, चर्चसुद्धा. शहराने माफी मागितली २०१० मध्ये. आता पार्क आहे आणि त्या चर्चची प्रतिकृती बांधून आत छोटं म्युझियम केलंय. जायच्या आधी ते उघडं आहे का बघून घ्या. हिरवळीवर डबा खायला छान जागा आहे, पण आधी म्युझियम बघा मग बसा.

गाडी असेल तर पेगीज कोव्ह करा, चाळीसेक किलोमीटर, सिटी बस जात नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, मधल्या वेळेत बसेसची रांग लागते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, काळ्या, ओल्या दगडांवर अजिबात पाय ठेवू नका. समुद्र शांत दिसत असतानाही अचानक मोठी लाट येते आणि माणसं तिथे खरोखर वाहून गेलीत, फोटोसाठी पांढरे कोरडे दगड पुरेसे आहेत.

खाण्याचं थोडक्यात. डोनेर हा इथला ठरलेला पदार्थ, मसालेदार बीफ आणि वर गोड दुधाचा सॉस, २०१५ मध्ये शहराने त्याला अधिकृत पदार्थच करून टाकलं. बीफ चालत नसेल तर गार्लिक फिंगर्स मागा, पिझ्झ्यासारखा बेस, वर लसूण-बटर आणि चीज, सोबत तोच गोड सॉस, पण वर बेकन टाकतात का ते विचारून घ्या. बिलात छापील किमतीवर १४ टक्के टॅक्स वाढतो आणि रेस्टॉरंटमध्ये टिप वेगळी, तेव्हा बजेट करताना मेनूवरची किंमत धरू नका.

शेवटचं, पण हे विसरू नका. नोव्हा स्कोशियात गोचिड्या खूप आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. उंच गवतात किंवा झाडीतल्या वाटेवर फुल पँट घाला, ती मोज्यात खोचा, स्प्रे मारा, आणि रूमवर आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत, मुलांच्या कानांमागे नीट तपासा. चिकटलेली दिसली तर बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि नंतरच्या दिवसांत अंगावर लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, तिथे फार्मसिस्टही याबाबत मदत करतात.